हौद्यातलं दूध

निंगव्वाच्या घरी दोन म्हशी आणि एक राग अशी तीन जनावरं दावणीला होती. म्हशी अधूनमधून आटायच्या. राग बारमाही दुभता होता. पहाटे उठली की ती आधी रागाला वैरण घालायची आणि मग म्हशींना. कडबा महागला म्हणून राग, पेंडीत भुसा निघाला म्हणून राग, नळाला पाणी उशिरा आलं म्हणून राग. एखाद्या दिवशी सगळं वेळेवर झालंच, तर आज हे असं कसं झालं म्हणून राग.

सोलापुरातल्या आमच्या लिंबाच्या गल्लीत ती अक्कलकोटकडून लग्न होऊन आली. मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला आणि मागं म्हशी राहिल्या. पंढरपुरी जातीच्या, तलवारीसारखी शिंगं पाठीवर टाकून चालणाऱ्या. गल्ली अरुंद आणि शिंगं लांब, त्यामुळे म्हशी यायला लागल्या की आम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहायचो. म्हशींच्या मागून निंगव्वा यायची, तेव्हा आणखी थोडं सरकून घ्यायचो.

दुधात ती थेंबभर पाणी घालत नसे, आणि बोलण्यातही. सकाळी सगळी गल्ली तिच्या अंगणात तांबे-पातेली घेऊन उभी असायची. ती माप भरून ओतायची, आणि मग ज्या घरात लहान मूल असेल त्या भांड्यात वरून आणखी एक धार सोडायची.

"ही लेकराची. चहात घातलीस तर बघ."

घरात बाळंतीण किंवा पोटुशी असली तर दुसरी धार, म्हातारं माणूस असलं तर तिसरी. कोंडीबा म्हाताऱ्याच्या सुनेला ती रोज दम द्यायची, "ही सासऱ्याच्या गुडघ्याची. तुझ्या नवऱ्याच्या कॉफीची न्हाई." त्या वरच्या धारेवर मायेची म्हणावी अशी छाप कुठंच नव्हती. कोणाच्या तरी थोबाडीत मारावी तशी ती धार भांड्यात पडायची.

आता तालमीबद्दल सांगायला हवं, नाहीतर निंगव्वाचा राग नेमका कुठं जाऊन आदळला ते समजणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी आमची तालीम. त्या काळी सोलापुरात गल्लीला एक वेळ गटार नसेल, पण तालीम असायची. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कुस्त्या व्हायच्या आणि त्यात आपल्या गल्लीचा पैलवान उतरला पाहिजे, हा प्रत्येक गल्लीचा हट्ट. आमचा पैलवान शिवशरण. अंगानं बैल, मनानं वासरू. त्याला वाढवायचं काम चनबसप्पा वस्तादांचं, आणि त्याचा खुराक भागवायचं काम सगळ्या गल्लीचं. तालमीच्या दारात एक तांब्याची घागर ठेवलेली असे. सकाळी घरोघरच्या लोट्या येऊन तिच्यात दूध ओतून जात. ही वहिवाट कोणी पाडली कोणास ठाऊक, पण ती मोडायची कोणाची छाती नव्हती. ज्या घरची लोटी आली नाही त्या घराकडे लोक असे बघायचे, की त्या घरात काहीतरी लपवण्यासारखं घडलंय.

वस्ताद घागरीशेजारी स्टुलावर बसून मिशा पिळत. लोटी ओतणाऱ्याला म्हणत, "वा! गल्लीचं नाव राखलंस." त्या एका वाक्यासाठी लोकांनी म्हैससुद्धा ओतली असती.

निंगव्वाला ही घागर ठाऊक होती. तीही आपल्या वाट्यातलं दूध शिवशरणासाठी काढून ठेवायची. लोक उरलंसुरलं देत असतील, अशी तिची समजूत. बायकांनी तालमीकडे फिरकायचं नाही, आणि म्हशी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं चरायला जायच्या. त्यामुळे घागरीत काय पडतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

निंगव्वाच्या भिंतीला भिंत लावून जोतीराम आणि सोजरबाई राहायचे. सांगोल्याकडची मेंढरं पाळणारी माणसं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि जोतीराम सोलापुरात येऊन गिरणीत लागला. त्याच दुष्काळात त्यांची मुलगी जन्मली, मायाक्का. पंचाहत्तरची दिवाळी झाली तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि चालायची ती बदकासारखी. गुडघे बाहेर, पावलं आत, दोन्ही पाय मिळून एक भोपळा मावेल अशी कमान. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "गोड चालते गं." निंगव्वाला त्याचाही राग यायचा. शेवटी तिनंच सोजरबाईला हाताला धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाईंनी मुलीची मनगटं दाबली, बरगड्या चाचपल्या, पाय सरळ धरून बघितले.

"हाडं मऊ राहिलीत. मोठ्या दवाखान्यात दाखवा, मी चिठ्ठी देते. तेलाच्या गोळ्या चालू करा. रोज सकाळी उन्हात खेळू दे. आणि दूध. रोज. दूध देता ना?"

"घेतो की आमी. रोज," सोजरबाई म्हणाली.

"घेता ते ठीक. ती पिते का?"

सोजरबाई खाली बघू लागली.

"आणि तुम्हाला कितवा महिना? तुम्हीही प्यायला हवं. पोटातल्या बाळाला हाडं बांधायची असतात, तुमच्या खाण्यातून मिळालं नाही तर ते तुमच्या हाडांतून घेतं. आणि उकळून हं, निरसं नाही."

बाहेर आल्यावर निंगव्वानं विचारलं, "मी रोज दोन धारा जास्त टाकते तुझ्या भांड्यात. कुटं जातंय दूध? चहात?"

"न्हाय मावशी."

"मांजर पितंय?"

"न्हाय."

"मग काय भिंती रंगवायलाव का?"

"तालमीत," सोजरबाई म्हणाली आणि रडायला लागली. "ह्यांनी लोटी भरून नेत्यात. पोरीला खांद्यावर घेत्यात, पैलवान दावायला. मी म्हटलं थोडं ठेवा, तर म्हनले, गड्डा होऊ दे."

निंगव्वानं पदर खोचला. ती पदर खोचून निघाली की म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या. दवाखान्यापासून तालमीपर्यंत ती चालत आली. गल्लीत शिरल्यावर लोक तिला म्हशींशिवाय बघूनही भिंतीला चिकटले.

ती तालमीच्या दारात पोचली आणि तिथं तिनं जे बघितलं ते दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसलं नसतं. गड्डा जवळ आला की कुस्तीच्या हौद्यातली लाल माती नवी करतात. ती खणायची, चाळायची, तिच्यात हळद, तेल, लिंबू घालायचं आणि ताक-दूध ओतून ती मळायची. माती मऊ होते, अंगाला खरचटत नाही, असं जाणकार सांगतात. ते खरंही असेल. चनबसप्पा वस्ताद काठावर उभे राहून घागरीतलं उरलेलं दूध हौद्यात ओतत होते. शिवशरण बाजूला पोट धरून बसला होता. त्याच्याच्यानं आणखी पिववत नव्हतं.

"काय करायलाव, वस्ताद?"

वस्तादांनी मान वळवली. तालमीच्या उंबऱ्यावर बाईमाणूस बघून त्यांचा हात थांबला. धार मात्र चालूच राहिली.

"निंगव्वा! हितं यायचं न्हाई बायकांनी!"

"मी आली न्हाई. माझं दूध आलंय, त्याच्या मागं आली. म्हैस कुटं गेली तर मालकीण जात न्हाई का मागं?"

"मातीला दूध द्यावं लागतंय. रीत हाय ही."

"का? मातीची हाडं मऊ पडलीत?"

शिवशरणला हसू आलं. वस्तादांनी बघितलं तसं त्यानं ते गिळलं.

"त्या जोत्याची पोर वाकड्या पायानं चालायलीय," निंगव्वा ओरडली, "आणि तिचं दूध तुमी चिखलात घालायलाव! सोजर पोटुशी हाय, तिचं बी ह्यातच हाय. कोंडीबाच्या गुडघ्याचं बी हाय. अय्यो, सगळी गल्लीच हाय की ह्या हौद्यात! लोळा, लोळा! लेकरांच्या तोंडातलं काढून त्यात लोळा!"

"गल्लीच्या इज्जतीचा सवाल हाय!"

"इज्जत दूध पीत न्हाई वस्ताद. लेकरं पितेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली तांबे-पातेली घेऊन तिच्या अंगणात आली, तेव्हा अंगणात चूल पेटलेली होती आणि तिच्यावर भलंमोठं पातेलं चढलं होतं. निंगव्वा पळी घेऊन उभी होती. पळी तिच्या हातात हत्यारासारखी दिसायची.

"आजपासनं दूध घरी न्यायचं न्हाई. लेकरू आणा, पेला आणा, हितं माझ्यासमोर प्यायचं. बाळंतिणी, पोटुशा, म्हातारे, सगळे हितं. व्हटावर साय दिसली पायजे. उरलं तर चहाला न्या."

गल्लीत गहजब झाला. पुरुष म्हणाले, ही दूधवाली आहे की हेडमास्तर. पण बायकांचं बोलणं कोणी ऐकलंच नाही, कारण त्या बोलल्या नाहीत. त्या पोरांचे हात धरून आल्या. पोरं नाकं मुरडत रांगेत उभी राहिली. एकानं साय नको म्हटलं, त्याला पळी दाखवण्यात आली. त्यानं साय खाल्ली आणि आणखी मागितली. कोंडीबा म्हातारा काठी टेकत आला आणि पोरांच्या रांगेत उभा राहायची लाज वाटून म्हणाला, "मी आपला सहज आलो."

"सहज या, पण मुकाट प्या," निंगव्वा म्हणाली. "म्हाताऱ्याची हाडं काय लोखंडाची असतेत का? पडलात तर उचलणार कोण, तालीम?"

तालमीतली घागर अर्ध्यावर आली. वस्ताद स्टुलावर बसून लोट्यांची वाट बघत राहिले. कोणी दुसऱ्या गवळ्याकडून घेऊन ओतू लागलं, पण त्या दुधानं घागर भरायची आणि शिवशरण वाळायचा, इतकं पाणी त्यात होतं.

सगळी लेकरं अंगणात आली. एक मायाक्का आली नाही.

जोतीरामचं काय होतं, ते सांगतो. माणूस वाईट नव्हता. बायकोवर हात उचलला नाही, पगार दारूत घातला नाही. पण गिरणीत त्याला कोणी जोतीराम म्हणून ओळखत नसे, "शिवशरणच्या गल्लीतला तो" म्हणून ओळखत. मेंढरं गेलेल्या, गाव सुटलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या शहरात तेवढीच एक ओळख मिळाली होती आणि ती त्यानं छातीशी धरली होती. बाकीच्यांनी लोट्या बंद केल्या म्हणून तो जास्तच जिद्दीला पेटला. निंगव्वा घरी दूध देत नाही म्हटल्यावर तो पलीकडच्या गल्लीतून लोटी भरून आणायचा, मुलीला खांद्यावर घ्यायचा आणि ताठ मानेनं तालमीत जायचा. सोजरबाईला त्यानं बजावलं होतं की त्या बाईच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही.

निंगव्वानं त्याला गल्लीत गाठलं.

"जोत्या, पोरीला पाठव."

"गड्डा हुंदे मावशी. मग रोज पाजतो, शपथ."

"गड्डा दरसाल येतंय. हिची हाडं दरसाल मऊ राहणार हाईत का? वाकडी वाकडी कडक झाली की बस मग जलमभर मोजत, शिवशरण किती कुस्त्या मारला ते!"

"समदी गल्ली माघार घेतली तर एकानं तरी उभं ऱ्हायला नको का?"

"तू उभा ऱ्हा की! तुझे पाय सरळ हाईत. तिला कशाला उभी करतोस?"

जोतीरामचा चेहरा पडला. पण गल्लीतले चार लोक बघत होते, आणि चार लोक बघत असले की माणूस आपली चूक खांद्यावर घेऊनच पुढं जातो. तो मुलीला सावरत तालमीकडे निघून गेला. निंगव्वानं मागून कन्नडात काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ज्यांना कन्नड येत होतं त्यांनी पोरांच्या कानावर हात ठेवले.

गड्डा आला. होम मैदान माणसांनी भरलं. शिवशरणची कुस्ती लागली ती नातेपुत्याकडच्या बिरप्पाशी. धनगराचं पोर, अंगानं शिवशरणच्या निम्मं, नुसतं वळलेलं चामडं. वस्तादांनी मागच्या महिन्याची सगळी कसर त्या दिवशी सकाळी भरून काढली होती. मिळेल तिथून दूध आणून शिवशरणला घागरभर पाजलं होतं. तो "नको वस्ताद, नको वस्ताद" म्हणत असताना त्यांना त्यात नम्रता दिसली होती.

सलामी झाली. बिरप्पा खाली वाकला, आत शिरला, शिवशरणच्या पोटाला त्याचं डोकं लागलं. शिवशरणचे डोळे एकदम आकाशाकडे गेले. पुढं त्याची पाठच मातीला लागली. आमच्या गल्लीचे फटाके पिशवीतच राहिले.

संध्याकाळी सगळी गल्ली घराकडे न जाता निंगव्वाच्या अंगणात घुसली. म्हशी उठून उभ्या राहिल्या.

"तुझ्यामुळं!" वस्ताद गरजले. "पैलवानाच्या तोंडचं काढलीस तू!"

"तुझ्यामुळंच मावशी!" जोतीरामचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मायाक्का त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस धरून होती. "मी एकटा किती पुरा पडनार? गल्लीचं नाव घालवलंस!"

"गेलं का नाव? बरं झालं," निंगव्वा म्हणाली. "लई दूध पीत होतं ते."

आता काय झालं असतं सांगता येत नाही, पण गर्दीच्या मागून शिवशरण आला. कानात माती तशीच, गालावर ओरखडा. गर्दीनं त्याला वाट करून दिली.

"ह्या अव्वाला कोण काय बोलू नका," तो म्हणाला. "मला बिरप्पानं पाडलं. अव्वानं न्हाई."

"खुराक कमी पडला रे तुला!" वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, कमी? पोटात सकाळपासनं तळं साचलं होतं. त्यानं डोकं लावलं तेव्हा मला कुस्ती दिसेना, परसाकडं दिसायला लागलं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी त्या दिशेला बघितलं, पण अंधारून आलं होतं.

"मी त्याला विचारलं," शिवशरण सांगत राहिला, "किती दूध पितोस बिरप्पा? तर म्हनला, घरात तीन शेळ्या हाईत, सकाळ-संध्याकाळ पेलाभर मिळतं, भावंडं बी पितेत. भाकरी, मटकी, शेंगदाणे खातो आणि मेंढरांमागं पळतो. बस." तो थांबला. त्याला एवढं सलग बोलायची सवय नव्हती. मग त्याची नजर वर, जोतीरामच्या खांद्याकडे गेली. "जोतीअण्णा, ही पोर रोज सकाळी माझ्या तोंडाकडं बघत असायची. मी पीत असलो की एकटक. मला वाटायचं, पैलवान बघायलीय. मी दंड फुगवून दावायचो हिला. आज इकडं येताना ध्यानात आलं. दंडाकडं तिनं कधी बघितलंच न्हाई. ती लोटी बघत होती."

वस्ताद मिशा पिळायचे थांबले. मी निंगव्वाकडे बघितलं; मला वाटलं होतं, आता तरी ती रडेल. तिचा चेहरा रागानं काळानिळा झाला होता.

"जावा घरी सगळे!" ती ओरडली. "म्हशी भ्यायल्यात. सकाळी दूध कमी देतील तर कोण भरून देणार?"

लोक गेले. जोतीराम सगळ्यांत शेवटी गेला. जाताना त्यानं मुलीला खांद्यावरून उतरवलं आणि छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्याला उकळी आली तेव्हा तो अंगणात उभा होता. कडेवर मायाक्का, मागं सोजरबाई, दोघींचे दोन पेले तिच्या हातात. रांगेतली पोरं आपोआप बाजूला झाली. जोतीरामला काहीतरी बोलायचं होतं. त्यानं दोनदा घसा खाकरला.

"मावशी, माझं चुकलं..."

"चूक ऐकून पाय सरळ होतेत का? पेला धर."

निंगव्वानं दूध निववलं, साय अर्धी मोडून पेल्यात टाकली आणि पेला मायाक्काच्या हातात दिला. पोरीनं तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत काढला नाही. प्यायल्यावर तिनं पेल्याच्या तळात बघितलं, मग बापाकडे बघितलं, मग पेला पुन्हा पुढं केला. जोतीरामनं मान फिरवली.

पुढं तिला मोठ्या दवाखान्यात नेलं, गोळ्या झाल्या, ऊन झालं, रोजचं दूध झालं. पाय वळणावर यायला काही वर्षं लागली. डाव्यात अजून थोडा बाक आहे. निंगव्वा तो बाक जोतीरामच्या नावावर मांडते आणि त्याला भेटेल तेव्हा सुनावते. तालमीची माती आता ताकावर मळतात, तेही तिनं दिलेल्या ताकावर, आणि त्याबद्दल वस्तादांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते त्यांनाच माहीत.

पण त्या सकाळी एवढ्यावर भागलं नव्हतं. सोजरबाईचा पेला संपवून घेतल्यावर निंगव्वानं तिसरा पेला भरला आणि जोतीरामपुढं केला.

"मी? मला कशाला मावशी?"

"गिरणीच्या पाळीत दिवसभर नुसता चहा ढोसतोस. गालफडं बसलीत. बापाला हाडं नसतेत का?"

लहान पोरं खिदळू लागली. जोतीरामनं पेला घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि गुत्त्यात पहिल्यांदा गेलेल्या माणसासारखं भिंतीकडे तोंड करून प्यायला लागला.

"ए! इकडं तोंड कर!" निंगव्वाची पळी वर गेली. "लपून काय पितोस? बघू दे पोरीला, बाप दूध पितोय ते!"